हजारो मेलमधून हवा तो मेल शोधायचा कसा? कोल्हापूरच्या दुकान-कारखान्यांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उद्यमनगरातली फौंड्री असो, शाहूपुरीतली गुळाची अडत असो की हुपरीतला चांदीचा कारखाना, ऑर्डर, ड्रॉइंग, बिलं, बँकेची पत्रं असा सगळा कारभार आता मेलवरच चालतो. मेल येत राहिले, साठत राहिले आणि ते लावून ठेवायला कुणाला सवड झाली नाही. ऑफिसांतून मेलची कामं करताना जे प्रश्न हमखास कानावर येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

आधी एक सूचना. सर्चमध्ये लिहायचे खास शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्षात ते इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायचे. कोलनच्या पुढे जागा सोडायची नाही, कारण जागा सोडली की तो साधा शब्द होतो आणि सर्च भलतीकडेच जातो. उदाहरणं बहुतेक जीमेलची आहेत, कारण इकडे दहातले आठ जण तेच वापरताना दिसतात.

इनबॉक्समध्ये चाळीस हजार मेल हायत, निम्मे न वाचलेले. सुरुवात कुठनं करू?

जुने मेल एकेक करून लावायला बसू नका. ते काम कधीच पुरं होत नाही. दोन रविवार घालवून लोक २०१७ पर्यंत पोचतात आणि मग सोडून देतात.

त्याऐवजी कॉम्प्युटरवर जीमेल उघडा आणि सर्चमध्ये 'इन:इनबॉक्स ओल्डर_दॅन:६एम' लिहा. सहा महिन्यांपूर्वीचे, अजून इनबॉक्समध्ये पडून असलेले सगळे मेल समोर येतील. वरच्या चौकोनात टिक केली की आधी फक्त त्या पानावरचे मेल निवडले जातात. पण तिथेच वर एक बारीक ओळ येते: 'सिलेक्ट ऑल कॉन्व्हर्सेशन्स दॅट मॅच धिस सर्च'. तिच्यावर क्लिक करा आणि मग अर्काइव्हचं बटण दाबा. ही ओळ मोबाइलच्या ॲपमध्ये येत नाही, म्हणून हे काम कॉम्प्युटरवरच करायचं.

अर्काइव्ह म्हणजे डिलीट नव्हे. मेल इनबॉक्समधून हलतो आणि 'ऑल मेल'मध्ये राहतो, सर्चमध्येही पहिल्यासारखाच सापडतो. समोर फक्त गेल्या सहा महिन्यांचं काम उरतं. मग पुढचं बघता येतं.

फोल्डर करून प्रत्येक पार्टीचे मेल वेगळे ठेवावेत का?

माझं मत: नको. पार्टीच्या नावाचे फोल्डर म्हणजे जे काम सर्च फुकटात करतो तेच हाताने करणं. 'फ्रॉम:' लिहून त्या कंपनीच्या मेल पत्त्यातला ॲट चिन्हानंतरचा भाग टाकला की तिथल्या खरेदी खात्यापासून अकाउंट्सपर्यंत सगळ्यांचे मेल एका झटक्यात समोर येतात. माणूस बदलला तरी पत्त्याचा तो भाग बदलत नाही.

फोल्डरची दुसरी अडचण अशी की एक मेल एकाच जागी बसत नाही. पुण्याच्या पार्टीने पाठवलेलं, जीएसटीचा घोळ असलेलं, मार्चमधलं बिल कुठे ठेवायचं? पार्टीत, जीएसटीत की वर्षात? आउटलुकमध्ये मेल एकाच फोल्डरमध्ये राहतो. जीमेलमध्ये लेबल असतात आणि एका मेलला हवी तेवढी लावता येतात.

लेबल करायचीच असतील तर मेलच्या मजकुरातून सर्चला कळणार नाही अशा गोष्टींची करा. 'वाद चालू', 'सीएला द्यायचं', 'करार', 'भाव पक्का' एवढी पुरेत. एखादा रेट फोनवर पक्का झाला आणि त्याआधीच्या पाच मेलमध्ये पाच वेगवेगळे आकडे आहेत, तर त्यातला खरा कुठला हे तुम्हालाच माहीत. तिथे लेबल लावायचा अर्ध्या सेकंदाचा त्रास वसूल होतो. तीस-चाळीस लेबल झाली की मात्र कुणीच ती लावत नाही.

एवढ्या मेलमधून सर्च एका क्षणात शोधतो कसा?

जुन्या पेढीवर कीर्द आणि खतावणी असायची. कीर्दीत रोजच्या नोंदी तारीखवार यायच्या, खतावणीत त्याच नोंदी खातेवार उतरवलेल्या असायच्या. अमक्याची बाकी किती हे बघायला कुणी अख्खी कीर्द चाळत नसे, खतावणीतलं त्याचं पान उघडलं की झालं. मेलचंही तसंच आहे. मेल आला की प्रोग्राम त्यातला प्रत्येक शब्द वेगळा काढतो आणि त्या शब्दाच्या खात्यावर मेलची नोंद टाकतो. याला इंडेक्स म्हणतात. तुम्ही 'बेअरिंग' शोधलं की सगळे मेल वाचले जात नाहीत, फक्त 'बेअरिंग'चं खातं उघडलं जातं.

यातून दोन गोष्टी निघतात. खातं अख्ख्या शब्दाचं असतं, त्यामुळे शब्दाचा मधलाच तुकडा टाकला तर सहसा काही हाती लागत नाही. आणि ज्या शब्दाची नोंदच झाली नाही, म्हणजे फोटोत लिहिलेला शब्द किंवा विचित्र फॉन्टमधला शब्द, तो डोळ्यांना दिसत असला तरी सर्चच्या लेखी नसतो. पुढचे निम्मे प्रश्न याच दोन कारणांतून येतात.

नेमकं काय लिहायचं? एखादं उदाहरण दाखवा.

समजा पुण्याची पार्टी म्हणते, "सुधारित ड्रॉइंग ऑक्टोबर २०२३ मध्येच पाठवलं होतं, तुम्ही जुन्यावर पॅटर्न केला." आता त्यांनी खरंच पाठवलं होतं का, हे बघायचंय.

नुसतं 'ड्रॉइंग' लिहिलंत तर शेकड्याने मेल येतील. आधी माणूस धरा: 'फ्रॉम:' आणि पुढे त्यांच्या कंपनीचा पत्ता. मग काळ धरा: 'आफ्टर:२०२३/१०/०१ बिफोर:२०२३/११/०१'. बिफोरमध्ये दिलेला दिवस स्वतः धरला जात नाही, म्हणून अख्खा ऑक्टोबर हवा तर १ नोव्हेंबर लिहायचं. मग 'हॅज:अटॅचमेंट' जोडा. आता दहा-पंधरा मेल उरतील. त्यातही ड्रॉइंग पीडीएफमध्येच येत असेल तर 'फाइलनेम:पीडीएफ' टाका. कोटेशनचे मेल मध्ये येत असतील तर त्या शब्दाच्या आधी वजाचं चिन्ह, मधे जागा न सोडता. यादी तीन-चारवर येते आणि ती डोळ्यांनी बघता येते.

क्रम लक्षात ठेवा: आधी माणूस, मग काळ, मग अटॅचमेंट, आणि शब्द सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलटं करतात. शब्द आठवायचा प्रयत्न करत बसतात आणि समोरच्याने तो शब्द वापरलेलाच नसतो. आपण 'ड्रॉइंग' म्हणतो, त्याने 'रिव्हिजन सी ॲटॅच्ड' एवढंच लिहिलेलं असतं.

दोन शब्द लागोपाठ तसेच हवे असतील तर अवतरणचिन्हांत घाला. दोनपैकी कुठलाही चालणार असेल तर मधे 'ऑर' लिहा, तेही मोठ्या इंग्रजी अक्षरांत. आणि निकालांचा क्रम उलटसुलट वाटला तर यादीच्या वर बघा. जीमेल आता 'मोस्ट रेलेव्हंट' असा स्वतःच्या अंदाजाचा क्रमही लावतं. तारखेप्रमाणे हवं तर 'मोस्ट रीसेंट' निवडा.

मराठी शब्द टाकला की मेल सापडत नाही. असं का?

याची तीन कारणं आहेत, आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना त्यांचं फारसं पडलेलं नाही असंच म्हणावं लागेल.

पहिलं म्हणजे आपले प्रत्यय. इंग्रजीत 'बिल' हा शब्द सुटा राहतो. मराठीत बिलाचं, बिलात, बिलासाठी, बिलांची असं सगळं एकत्र चिकटून येतं. माणसाला ते एकाच शब्दाचं रूप वाटतं, पण इंडेक्समध्ये प्रत्येकाचं खातं वेगळं उघडलेलं असतं. 'बिल' शोधल्यावर 'बिलासाठी' असलेला मेल बहुतेक वेळा येत नाही.

दुसरं म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ. शुद्धलेखनाने 'गूळ', पण बाजारात निम्मे जण 'गुळ' लिहितात आणि प्रत्यय लागला की दोघांचंही 'गुळाचे' होतं. 'कोल्हापूर' आणि 'कोल्हापुर' हेही तसंच. आडनावं इंग्रजीत लिहिली की आणखी मजा: चौगुले या नावात कुणी 'ओ' घालतं, कुणी 'ए', कुणी शेवटी 'ए'ऐवजी 'आय' ठेवतं. सगळी रूपं 'ऑर' लावून शोधा, किंवा नाव सोडून सरळ मेल पत्त्यावर या.

तिसरं कारण डोळ्यांना दिसतच नाही. 'शेतकऱ्यांना', 'दुसऱ्या', 'व्यापाऱ्यांची' या शब्दांतला जो अर्धा, आडवा र आहे, तो युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर सगळ्या भाषांची अक्षरं साठवायच्या ठरलेल्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिला जातो. काही कीबोर्ड खास मराठीसाठीचा 'ऱ' वापरतात, काही साध्या 'र'ला हलन्त लावून त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण आत अक्षरांची रांग वेगळी असते. ज्या प्रोग्रामने त्यांची सांगड घातलेली नाही, तो एक टाकल्यावर दुसरं शोधून देत नाही. असा शब्द सापडत नसेल तर त्याच वाक्यातला साधा शब्द टाका.

आकड्यांचंही असंच होतं. मेलमध्ये '४५०' लिहिलं असेल आणि तुम्ही इंग्रजी आकडे टाकले, तर तो सापडेल याची खात्री धरू नका.

जुनी मराठी पत्रं मेलमध्ये आहेत, उघडली की दिसतात, पण सर्चमध्ये कधीच येत नाहीत.

ती पत्रं श्रीलिपी, कृतीदेव किंवा शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असणार. युनिकोड रुळायच्या आधी आपल्याकडच्या छापखान्यांत, संस्थांत, सोसायट्यांत सगळं मराठी असंच टाइप व्हायचं. या फॉन्टमध्ये फाइलच्या आत मराठी नसतंच. असतात ती रोमन अक्षरं आणि चिन्हं, ज्यांच्यावर मराठी वळणाचे आकार चढवलेले असतात. ज्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही तिथे त्याच पत्राचा अगम्य खिचडा दिसतो. सर्चला नेहमी तो खिचडाच दिसतो. म्हणून तुम्ही 'सर्वसाधारण सभा' टाकलंत तर सर्चच्या दृष्टीने ते शब्द त्या फाइलमध्ये कुठेच नाहीत.

यावर दोन उपाय आहेत. महत्त्वाच्या फाइल कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये बदलून घ्या. मात्र नंतर एकदा वाचून बघा, जोडाक्षरं आणि रफार इकडचे तिकडे होतात. बाकीच्यांसाठी सोपा मार्ग: तो मेल स्वतःलाच फॉरवर्ड करा आणि वर युनिकोड मराठीत दोन ओळी लिहा, 'सोसायटी, वार्षिक सभा, इतिवृत्त, २००९'. पुढच्या वेळी सर्च त्या दोन ओळींवर येऊन थांबेल. पतसंस्था आणि सहकारी संस्थांच्या जुन्या सचिवांनी हे करून ठेवलं तर पुढच्याचं भलं होईल.

अटॅचमेंटच्या आतला मजकूर शोधता येतो का?

कॉम्प्युटरवर टाइप करून बनवलेली पीडीएफ किंवा वर्ड फाइल असेल तर पुष्कळदा येतो. मोबाइलने फोटो काढून पाठवलेलं चलन, स्कॅन केलेला करार यांच्यावर विसंबू नका. तिथे फाइलचं नाव आणि मेलचा विषय एवढाच आधार. 'आयएमजी' आणि पुढे आठ आकडे असं नाव असेल तर तोही गेला.

विषय एक आणि आत मजकूर दुसराच असतो. त्याचं काय करायचं?

हा आपल्याकडचा खास रोग आहे. पार्टीला तुमचा मेल पत्ता शोधायचा कंटाळा येतो, म्हणून ती तुमचा कुठलाही जुना मेल उघडते आणि रिप्लाय दाबते. मग वर विषय 'दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा' आणि खाली तीन टन कास्टिंगची ऑर्डर, सोबत ड्रॉइंग, डिलिव्हरीची तारीख. पुढे त्याच धाग्यात, म्हणजे एकाखाली एक जोडलेल्या रिप्लायच्या साखळीत, बिल, मग पेमेंटचा तगादा, मग रिजेक्शन. सहा महिन्यांनी 'ऑर्डर' शोधायला गेलात की दिवाळीचा दिवा दिसतो.

हे होतं कारण प्रत्येक मेलला स्वतःचा एक ओळख क्रमांक असतो आणि रिप्लाय देताना मूळ मेलचा क्रमांक आतल्या मथळ्यात (मेलसोबत जाणाऱ्या, एरवी न दिसणाऱ्या माहितीत) आपोआप नोंदला जातो. त्या नोंदींवरून मेलचा प्रोग्राम धागा जोडतो. त्यात काय लिहिलंय, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

पार्टीला शिकवत बसू नका. उत्तर देताना तुम्हीच विषय बदला. जीमेलमध्ये रिप्लायच्या बाणाशेजारी 'एडिट सब्जेक्ट' असतं. विषय बदलला की तिथून नवा धागा सुरू होतो. विषयात पार्टीचं नाव, काम, पीओ (खरेदीची ऑर्डर) किंवा ड्रॉइंग नंबर एवढं आलं की बास. समोरचा पुढचे सगळे रिप्लाय त्याच विषयावर देतो, त्याला न सांगता शिस्त लागते. मेल शोधण्याच्या सगळ्या युक्त्यांत मला ही सर्वांत मोलाची वाटते. बाकीच्या युक्त्या मेल हरवल्यावरच्या, ही तो हरवू न देण्याची.

फिल्टर लावावेत का?

फिल्टर म्हणजे येणाऱ्या मेलला आपोआप लागणारा नियम. लावावेत, पण मोजके. वीजबिल, बँकेच्या सूचना, जीएसटी पोर्टलचे मेल, कुरियरचे ट्रॅकिंग हे ज्यांचे ठरावीक पत्त्यावरून ठरावीक मेल येतात, त्यांना फिल्टर लावून लेबल द्या. तयार करताना 'ऑल्सो अप्लाय फिल्टर टू मॅचिंग कॉन्व्हर्सेशन्स'वर टिक केली की जुन्या मेलनाही लेबल लागतं. 'स्किप द इनबॉक्स' मात्र जपून वापरा. बँकेचे आणि कर खात्याचे मेल इनबॉक्सच्या बाहेर ढकलले की नोटीस आली तरी कळत नाही.

एक छोटी सोय: जीमेलच्या पत्त्यात तुमच्या नावापुढे अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द जोडला तरी मेल तुमच्याकडेच येतो. मशिनरीच्या प्रदर्शनात फॉर्म भरताना असा पत्ता द्या, मग त्यावर येणारे सगळे जाहिरातींचे मेल 'टू:' लावून एकत्र पकडता येतात.

पार्टी म्हणत्या मेल पाठवलाय, मला तर दिसंना. गेला कुठं?

'इन:एनीव्हेअर' लिहून पुढे त्यांचा पत्ता टाका. साध्या सर्चमध्ये स्पॅम आणि ट्रॅश धरत नाहीत, यात धरतात. या दोन्ही ठिकाणचे मेल ३० दिवसांनी कायमचे जातात, तेव्हा महिन्याभरातच बघा.

तिथेही नसेल तर सेटिंगमध्ये फिल्टरची यादी आणि फॉरवर्डिंग हे दोन भाग उघडा. तुम्ही कधीच न लावलेला फिल्टर दिसला, विशेषतः 'पेमेंट' किंवा 'बँक' असे शब्द असलेले मेल परस्पर डिलीट करणारा किंवा दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारा, तर अकाउंटमध्ये कुणीतरी शिरलंय असं समजा. पासवर्ड लगेच बदला, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. अशा वेळी पार्टीला 'आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे' असे बनावट मेल जातात, म्हणून नेहमीच्या पार्ट्यांना फोन करून सावध करा.

तेही नसेल तर जागा भरलेली आहे का बघा. भरली असेल तर नवे मेल आत येतच नाहीत, पाठवणाऱ्याकडे परत जातात.

जागा भरली म्हणतंय. पैसे भरू का?

जीमेलची फुकट जागा १५ जीबी, पण ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून आहे. पुष्कळदा मेल निर्दोष असतो आणि खरी जागा लग्नाच्या व्हिडिओंनी खाल्लेली असते. आधी ते बघा.

मेलमध्येच भार असेल तर 'लार्जर:१०एम ओल्डर_दॅन:३वाय' टाका. तीन वर्षांपूर्वीचे, १० एमबीपेक्षा मोठे मेल येतात. अटॅचमेंट डिस्कवर उतरवून मग मेल काढा. फाइल मेलमध्ये जाताना अक्षरांत रूपांतरित होते आणि साधारण एक तृतीयांशाने फुगते. मर्यादेपेक्षा थोडी लहान फाइलही कधी कधी जाताना अडते, ती म्हणूनच. जाहिरातींसाठी 'कॅटेगरी:प्रमोशन्स ओल्डर_दॅन:१वाय', सगळं निवडून खुशाल डिलीट. डिलीट केल्यावर ट्रॅश रिकामा करा, तोवर जागा मोकळी होत नाही.

एवढं करूनही भरत असेल तर पैसे भरा. धंद्याच्या मेलसाठी महिन्याचे थोडे रुपये वाचवण्यात अर्थ नाही.

धंद्याचे मेल किती वर्षं ठेवायचे?

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब आणि नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात. अपील किंवा चौकशी चालू असेल तर निकालानंतर एक वर्ष किंवा ही मुदत, यातली जी नंतर संपेल ती. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर कंपनी कायद्यात हिशेबाच्या वह्या आठ आर्थिक वर्षं जपायला सांगितलंय. बिलं, पीओ, पेमेंटचे मेल या हिशेबाने धरा. जमीन, करार आणि भागीदारीचे मेल कधीच काढू नका. बाकी तुमच्या सीएला विचारा.

वाद झाला तर मेलचा प्रिंट कोर्टात चालतो का?

नुसता प्रिंट पुरत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याचे दोन भाग असतात: एक नोंद सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा) त्यात भरायची असते. आधी हीच अट जुन्या पुरावा कायद्याच्या ६५ब मध्ये होती आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जालन्याच्या निवडणूक खटल्यात ती बंधनकारक असल्याचं स्पष्ट केलं होतं.

तुमचं काम एवढंच की मूळ मेल जागच्या जागी राहू द्या. फॉरवर्ड केलेली प्रत म्हणजे मूळ नव्हे, तिच्यात पहिल्या मेलचा पूर्ण मथळा येत नाही. जीमेलमध्ये मेलच्या तीन टिंबांत 'शो ओरिजिनल' आहे, तिथून मूळ फाइल उतरवून ठेवा. पुढचं वकिलांवर सोडा. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झालंय, तेव्हा मुंबईची गाडीही पकडावी लागणार नाही.

आउटलुक रोज अडकतंय. मेल जातील का?

पीएसटी फाइल, म्हणजे आउटलुक कॉम्प्युटरवर मेल साठवतं ती फाइल, केवढी झाली आहे ते आधी बघा. हल्लीच्या आउटलुकमध्ये तिची ठरलेली मर्यादा ५० जीबी आहे, फार जुन्या पद्धतीच्या फाइलला २ जीबीच होती. मर्यादेजवळ गेली की अडकणं सुरू होतं. वर्षवार नवी पीएसटी करा आणि जुने मेल तिच्यात हलवा. ही फाइल ऑफिसच्या नेटवर्कवर शेअर करून दोघांनी उघडणं मात्र बंद करा. मायक्रोसॉफ्ट स्वतःच त्याला नको म्हणतं आणि फाइल बिघडते ती बहुधा अशीच. आउटलुक पूर्ण बंद केल्याशिवाय तिची कॉपीही घेऊ नका.

मेल समोर दिसतोय पण आउटलुकच्या सर्चमध्ये येत नाही, अशी तक्रार असेल तर विंडोजच्या इंडेक्सिंग ऑप्शन्समधून इंडेक्स 'रिबिल्ड' करायला लावा. मोठ्या फाइलला त्यात रात्र जाते, संध्याकाळी शटर ओढताना लावून जा.

बॅकअप कसा घ्यावा?

गुगल टेकआउटवर (गुगलमधला आपला डेटा उतरवून घ्यायच्या सोयीवर) जा, बाकी सगळ्या टिका काढून फक्त मेल ठेवा. काही तासांनी उतरवून घ्यायची लिंक येते. एमबॉक्स नावाच्या प्रकारात सगळे मेल एकाच फाइलमध्ये मिळतात आणि कुठल्या मेलला कुठलं लेबल होतं हेही आत नोंदलेलं असतं. ती थंडरबर्ड या फुकट प्रोग्राममध्ये 'इम्पोर्ट एक्स्पोर्ट टूल्स एनजी' हे ॲड-ऑन घालून उघडता येते आणि इंटरनेट नसतानाही शोधता येते.

ज्यांचं जुनं सेटिंग पीओपीचं आहे त्यांनी कॉम्प्युटरवरच्या मेलची प्रत आजच घ्यावी. पीओपीमध्ये मेल सर्व्हरवरून उतरवून तिथला काढून टाकायची पद्धत होती. म्हणजे तुमच्या दहा वर्षांच्या मेलची एकमेव प्रत टेबलाखालच्या त्या एका डब्यात असू शकते. आयमॅपमध्ये मूळ प्रत सर्व्हरवरच राहते.

आणि तो डबा कुठे ठेवलाय तेही बघा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात कुठवर आलं होतं, हे कुणाला सांगायला नको. बॅकअपची डिस्क तळमजल्याच्या कपाटात ठेवू नका. एक प्रत घरी, वरच्या मजल्यावर.

अकाउंट बघणारा पोरगा काम सोडून गेला, मेल त्याच्या स्वतःच्या जीमेलवर होते.

तो देईल तेवढेच मिळतील, गोडीत मागून घ्या. पुढच्यासाठी कंपनीच्या डोमेनवर (पत्त्यात ॲट चिन्हानंतर येणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या नावावर) पत्ते करा, नाव माणसाचं नको, कामाचं द्या: अकाउंट्स, खरेदी, डिस्पॅच. गुगल वर्कस्पेस (गुगलची कंपन्यांसाठीची मेल सेवा) असेल तर माणूस गेल्यावर त्याचं अकाउंट घाईने डिलीट करू नका. डिलीट केल्यावर परत आणायला २० दिवसच मिळतात. एकच मेल दोघांनी बघायचा असेल तर पासवर्ड वाटू नका, जीमेलच्या सेटिंगमध्ये 'ग्रँट ॲक्सेस' करून दुसऱ्याला बसवता येतं.

आता एआयला विचारलं की तोच शोधून देतो म्हणे?

देतो, आणि लांबलचक धाग्याचा सारांशही बरा काढतो. पण रेट, वजन, तारीख आणि खाते क्रमांक मूळ मेल उघडून स्वतःच्या डोळ्यांनीच घ्या.

वडिलांचं जुनं अकाउंट कुणी उघडत नाही. तसंच राहू दिलं तर चालेल?

चालणार नाही. डिसेंबर २०२३ पासून गुगल दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक अकाउंट मेल-फोटोंसकट काढून टाकू शकतं. वडील असतील तर त्यांच्यासमोर बसून एकदा लॉगिन करा, टेकआउट घ्या आणि सेटिंगमधल्या 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'मध्ये तुमचा पत्ता घाला, म्हणजे पुढे अकाउंट बंद पडलं तर डेटा तुमच्याकडे येईल. रिकव्हरीसाठी त्यांचा जुना, बंद झालेला मोबाइल नंबर लावलेला असतो, तोही त्याच बैठकीत बदला. ओटीपी त्यावरच जातो.